ताई, त्या डाव्या हाताच्या थ्रोसाठी आभार

प्रिय ताई,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. आपल्या संघातल्या सगळ्यांना कळेलच मी कोणाबद्दल बोलतोय. मोसम संपला, कुंपणाची जाळी गुंडाळून तुझ्या गॅरेजमध्ये गेली, तरी हे बोलायचं राहूनच गेलं. समोर बोलायला गेलो की तू विषय बदलतेस, नाहीतर हातात साबुदाणा वडा ठेवतेस. म्हणून चारचौघांत लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. कनेटिकटला आल्यापासून मी आपल्याच मंडळींच्या क्रिकेट संघात होतो. लेदर बॉल, शनिवारी सकाळी मॅच, नवा चेंडू माझ्याकडे. मग उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (खांद्याला धरून ठेवणारे स्नायू) फाटला. ऑपरेशन झालं, आणि त्या हाताने वरून फेकणं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी खेळू शकणार नव्हतो हे मला मान्यच होतं. पण स्कोअर लिहिला असता, अंपायर म्हणून उभा राहिलो असतो. बोलवायचं तरी! ‘हात कसा आहे’ एवढंही कोणी विचारलं नाही. एके दिवशी बघितलं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलेलं. ज्यांच्या पोरांच्या वाढदिवसाला मी रात्री जागून फुगे लावले, त्यांनी. परक्या देशात ज्यांना आपली माणसं म्हणून धरून बसलो होतो, त्यांना मी चार षटकांपुरताच हवा होतो. याचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आणि तू मला नेलंस कुठे, तर विफल बॉलला (Wiffle Ball, बेसबॉलचाच परसातला धाकटा भाऊ). भोकं पाडलेला पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू आणि पिवळी बारीक बॅट. तोवर मी हे फक्त अमेरिकन पोरांच्या हातात बघितलं होतं. गाडीत तूच मला याची जन्मकथा सांगितलीस. १९५३ साली, आपल्या जवळच्याच फेअरफील्डमध्ये डेव्हिड मुलानी नावाच्या गृहस्थांचा बारा वर्षांचा मुलगा परसात झाडूचा दांडा आणि प्लॅस्टिकचा गोल्फ बॉल घेऊन बेसबॉल खेळायचा. चेंडू वळवण्यासाठी मनगट झटकून झटकून त्याचा हात दुखून यायचा. बाप स्वतः पिचिंग, म्हणजे बेसबॉलमधली गोलंदाजी, केलेला माणूस, त्याला कळलं की हे पोराच्या हाताला बरं नाही. मग प्लॅस्टिकचे चेंडू वेगवेगळ्या तऱ्हेने कापून बघत त्याने एका अर्ध्या भागावर आठ लांबट भोकं पाडली. आता हाताला त्रास न देता चेंडू आपोआप वळायला लागला. त्या घराण्याचा कारखाना आजही शेल्टनमध्ये चालू आहे. हे सांगून झाल्यावर तू माझ्या खांद्याबद्दल काहीच बोलली नाहीस, सरळ गाडी लावलीस आणि डिकीतून खुर्च्या काढायला सांगितल्यास.

मला खरं सांगायचंय ते पुढचं. वॉर्म-अपसाठी सगळे जोड्या करून समोरासमोर उभे राहिले होते. मी कडेला बसून बुटाची लेस बांधत होतो, म्हणजे बांधलेलीच सोडून पुन्हा बांधत होतो. तू येऊन समोर उभी राहिलीस. चेंडू डाव्या हातात घेतलास आणि फेकलास. तो माझ्यापासून पार लांब, शेजारी पिकनिकला आलेल्या कुटुंबाच्या टेबलाखाली गेला. तू पळत जाऊन आणलास, तिथल्या आजींना सॉरी म्हणालीस आणि परत येऊन पुन्हा डाव्याच हाताने टाकलास. तू आपल्या संघाची पहिली पिचर आहेस, ताई. उजव्या हाताने तू टाकलेला राइझर, वर चढत जाणारा चेंडू, बघायला दुसऱ्या संघांतली माणसं थांबतात. तरी तू सगळ्यांदेखत वाकडा-तिकडा चेंडू फेकत राहिलीस. मी उठलो, डाव्या हाताने परत फेकला. माझाही भलतीकडे गेला. ‘बिचारा’ नाही, ‘हळूहळू जमेल’ नाही, तू एवढंच म्हणालीस, ‘कोपर वर.’

मैदानावर वाकडं फेकणारे आता दोघे होते आणि त्यातली एक तू होतीस. मग मला हसणार कोण? तुला आठवतंही नसेल, पण पूर्ण मोसमभर वॉर्म-अपला तू माझ्याबरोबर डाव्याच हाताने टाकलंस. ऑगस्टपर्यंत तुझा डावा हात इतका बसला, की एका मॅचमध्ये समोरच्या डावखुऱ्या बॅटरला तू डाव्या हाताने स्ट्राइक (त्याला न मारता आलेला चेंडू) टाकलास आणि नंतर गोल गोल नाचलीस.

तू काय काय करतेस याची यादी करायला बसलो तर वेळ पुरणार नाही. पिचिंग तर झालंच. बॅटरच्या मागे स्टंपसारखा उभा असतो तो स्ट्राइक झोनचा पत्रा तू रंगवतेस, फाटलेली जाळी तू शिवतेस, चेंडूची गुळगुळीत बाजू सँडपेपरने किती घासायची हे तू पोरांना शिकवतेस. (क्रिकेटमध्ये सँडपेपरपायी २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला वर्षभर बाहेर बसावं लागलं, इथे ती सर्रास चालणारी कला आहे!) आपल्या लीगमध्ये धावायचं नसतं, चेंडू कुठवर गेला त्यावर एक, दोन की तीन बेस (धावेचे टप्पे) ते ठरतं आणि बेसवर नुसते कल्पनेतले रनर उभे असतात. त्या न दिसणाऱ्या रनरना तू नावं देतेस, हाका मारतेस, ‘अरे झोपलास का सेकंड बेसवर?’ म्हणून ओरडतेस. फील्डिंग करता करता बाळ ज. पंडितांसारखी मराठीत कॉमेंट्री करतेस. तुझ्यामुळे आपल्या संघातले ते दोन आयरिश आडनावांचे सुतार चेंडू हवेत उडाला की ‘झेल! झेल!’ म्हणतात. समोरच्या संघात एक जण कमी होता तेव्हा तू त्यांच्याकडून खेळलीस, होम रन मारून आम्हालाच हरवलंस आणि त्यांच्यापेक्षा जास्त आनंद केलास. कोणी तोंड वाकडं केलं नाही, कारण तू खेळतेस तेव्हा हरलेल्यालाही मजा आलेली असते.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी साताऱ्यात आमच्या शेजारच्या काकू रोज दाराशी डबा ठेवून जायच्या. आभार मानावे लागू नयेत म्हणून बेलही वाजवायच्या नाहीत. तुझ्याकडे बघून मला त्याच आठवतात. अशी माणसं मोठ्याने काही बोलत नाहीत, सभेत भाषण करत नाहीत, त्यांचा कोणी सत्कार करत नाही. समोरच्याला ओशाळं न करता मदत कशी करायची हे त्यांना कुठून कळतं, कोण जाणे. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पूर्वी नुसता आदर होता, आता ऋण आहे. मी खेळात परत आलो, शनिवारी उठावंसं वाटायला लागलं, बायको म्हणते घरात पुन्हा बोलायला लागलो. फिजिओथेरपीने हात बरा केला, बाकीचं तुझ्यामुळे झालं.

आता दोन मागण्या. पुढच्या मोसमात मला एक इनिंग टाकायची आहे, डाव्या हाताने. बेसमेंटच्या भिंतीवर टेपने चौकट आखून रोज टाकतोय. ड्रॉप (खाली पडणारा चेंडू) बराच जमलाय, राइझर अजून नाही, तो तूच शिकव. आणि शनिवारचे वडे यापुढे मी आणणार. शेंगदाण्याचं कूट आईच्या हातचं, साताऱ्याहून आलंय. नाही म्हणायचं नाही.

मनापासून आभार, ताई.

तुझा,
संघातला डावखुरा