आई, जीप आली होती ते आठवतं?

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर कॅन्सरच्या तपासणीचा विषय काढला की आई दुसरंच बोलायला लागते, म्हणून लिहितेय.

आई, मी शाळेत असताना बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची जीप गावात आली होती. तू म्हणालीस, "मला काही होत नाही, मी कशाला?" आजीनं लावून धरलं म्हणून गेलीस. तो केवढा मोठा अभ्यास होता! आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातली 497 गावं, तीस ते एकोणसाठ वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका. गावांचे गट पाडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भाग केले. आपल्या भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, एकदाच. 2009 साली निकाल छापून आला. आठ वर्षांत आपल्या भागात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं 34 बायका गेल्या, आणि जिथं तपासणीच नव्हती तिथं 64. दोन्हीकडे बायका तीस हजारांच्या थोड्या वर. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं टिकला तरच कॅन्सरपर्यंत पोचतो. तेवढ्या काळात डाग सापडला तर जागच्या जागी गोठवून टाकता येतो. आज जगभर या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात तू आहेस, याचा मला फार अभिमान वाटतो.

मावशीच्या गावाला अशी जीप गेली नाही. पाळी जाऊन वर्षं झाली होती, तरी अंगावरून रक्त जात होतं. सात महिने ती कुणाला बोलली नाही, तुलासुद्धा नाही. तेव्हापासून तुझं "काही नाही गं" मला खरं वाटत नाही. असं काही होत असेल तर मला सांग. लाजू नकोस.

आणि ती चाचणी तेव्हापुरती होती. तुला आता 58. छाती तर कधीच दाखवली नाहीस. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं वीस वर्षं पाहिलं: शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं छाती तपासली, तर पन्नाशी ओलांडलेल्यांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. मशीनसुद्धा नव्हतं.

बाबा, दिवाळीत तुम्ही ठेचा बाजूला सारलात आणि भाकरी दुधात कुस्करलीत. मी पाहिलं. तिखट झोंबणं, गालात पांढरा चट्टा, तोंड पुरतं न उघडणं, हे तंबाखू मळणाऱ्या माणसानं अंगावर काढायचं नसतं. केरळात तंबाखू-दारूची सवय असलेल्या लोकांची तोंडं बॅटरी लावून नियमित पाहिली, तर त्यांच्यातले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तिसऱ्या हिश्शानं घटले. तंबाखू सोडा, हे माझं म्हणणं आहेच. पण आधी तोंड दाखवू.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं येतेय. दोघांनाही बार्शीला घेऊन जाणार आहे, जीप सांगून ठेवलीय. आई, आधार कार्डं आणि बाबांच्या शुगरची फाईल पिशवीत भरून ठेव.

तुमची,
मनू