हे वाक्य कोणाचं?

प्रिय बाळ,

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आई, सगळं लिहून ठेवलंय गं, पण हवं तेव्हा काहीच हाताला लागत नाही." मग स्क्रीनचा फोटो पाठवलास. एकाच फोल्डरमध्ये तुझ्या संशोधनाच्या नोंदींची ही रांग, आणि त्यांची नावं "बघायचंय", "महत्त्वाचं", "महत्त्वाचं २". तो फोटो डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आता विषयवार फोल्डर करणार म्हणतेस. कर हवं तर, पण तुझं दुखणं त्यानं जाणार नाही. एकच नोंद तीन विषयांत बसते, मग आपण ती नेमकी कुठल्या खणात टाकली हे आठवत बसायचं. त्यापेक्षा ती नोंद कशासाठी केलीस ते आधी बघ.

"गाईडना प्रश्नावली दाखवणे" ही नोंद काम झालं की संपली. अशा धावत्या नोंदी एका जागी टाक, दोन-तीन दिवसांनी त्यांच्यावरून नजर फिरव आणि काम झालेल्या खोडून टाक. जीव अडकवू नकोस त्यांच्यात.

उतारे मात्र जपून. तुला कधी सांगितलं नाही, पण काही वर्षांपूर्वी माझा एक लेख छापायला गेला होता आणि त्यातल्या एका वाक्यावर मी फार खूश होते. मुद्रितं तपासताना सहज जुनी वही उघडली, तर तेच वाक्य पानाच्या मध्यावर. माझंच अक्षर, निळी शाई. वरखाली माझे स्वतःचे विचार, तेही त्याच निळ्या शाईत. ना अवतरणचिन्ह, ना पुस्तकाचं नाव, ना पान क्रमांक. पोटात गोळाच आला. दोन दिवस पुस्तकं उपसली तेव्हा ते सापडलं, शब्द न् शब्द दुसऱ्याचा. संपादकांना फोन करून वाक्य काढायला लावलं. लेख छापून आला असता तर मी चोर ठरले असते, आणि मला ते कळलंही नसतं.

म्हणून सांगते, तीन गोष्टी कधी एकत्र कालवू नकोस: दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत, आणि तुझं स्वतःचं म्हणणं. पहिल्याला अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक, आवृत्तीसकट. दुसऱ्यालाही पान क्रमांक हवाच. तो आपण आळसानं गाळतो आणि मग एका ओळीसाठी अख्खं पुस्तक पुन्हा चाळतो. तिसरं वेगळ्याच जागी.

या तिसऱ्या नोंदीच तुझी खरी कमाई. निक्लास लुमान नावाचे जर्मन समाजशास्त्रज्ञ होते (१९२७–१९९८). त्यांच्या लाकडी खणांत आयुष्यभराच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमल्या होत्या. वाचलेल्या पुस्तकांचे तपशील वेगळ्या चिठ्ठ्यांवर, विचार वेगळ्या. नवी चिठ्ठी विषय बघून नव्हे, तर ज्या जुन्या चिठ्ठीशी तिचं नातं लागेल तिच्या मागे जायची. ५७/१२ क्रमांकाच्या चिठ्ठीतला एखादा मुद्दा पुढे वाढला की त्याची ५७/१२अ व्हायची, आणि ५७/१३ आपल्या जागी तशीच राहायची. क्रमांक एकदा पडला की बदलायचा नाही, त्यामुळे कुठल्याही चिठ्ठीवरून दुसरीकडे बोट दाखवता यायचं. तुझ्या अ‍ॅपमध्ये तेच काम लिंक करते. फक्त लिंक का दिली, ते एका ओळीत लिही. नुसती लिंक सहा महिन्यांनी मुकी होते.

नावही पूर्ण वाक्याचं दे. "प्रश्नावली – महत्त्वाचं" यातून काही कळत नाही. "प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरंही बदलू शकतात" असं नाव दिलंस तर नोंद उघडण्याआधीच तिचा मुद्दा कळतो. आणि असं नाव सुचतच नसेल, तर ते म्हणणं तुझ्या मनात अजून पिकलेलं नाही. मग ते काही दिवस धावत्या नोंदींतच राहू दे.

आणखी एक प्रकार आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. डार्विननं लिहून ठेवलंय की आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा मनात आली, की ती लगेच, न चुकता टिपायची हा त्यानं नियमच केला होता. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, हा त्याचा अनुभव. तू पाहणीचं काम करतेस, तुला याची गरज सगळ्यांत जास्त. जी उत्तरं तुझ्या अंदाजात बसली नाहीत, त्यांना एक वेगळी खूण कर आणि प्रकरण लिहायला घेण्याआधी त्या सगळ्या नोंदी एका बैठकीत वाच.

जुना ढीग आवरत बसू नकोस, बाळा. महिना जाईल आणि हाती शीण येईल. सगळा उचलून "जुनं" नावाच्या फोल्डरमध्ये ठेव, शोधून लागेल तशी एकेक नोंद बाहेर काढ, आणि बाहेर काढलीस की तेव्हाच तिला नीट नाव दे. जे कधीच लागलं नाही ते तिथेच पडू दे.

रविवारी फोन करशील तेव्हा एक नोंद वाचून दाखव. उतारा नको, तुझ्या स्वतःच्या शब्दांतली.

तुझी,
आई