बीव्हरला हटवणे हा उपाय नव्हे

इंग्लंडमध्ये बीव्हर (झाडे कुरतडून पाडणारा आणि फांद्या-चिखलाने ओढ्यांवर बांध घालून पाणी अडवणारा प्राणी) पुन्हा मोकळ्या निसर्गात सोडण्यास तेथील सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली, त्यासंबंधीचा आपल्या अंकातील लेख वाचला. फर आणि मांसासाठी झालेल्या शिकारीमुळे शतकांपूर्वी तेथून नाहीसा झालेला हा प्राणी परततो आहे, याचा आनंद आहे. मात्र ‘शेतात पाणी शिरले तर बीव्हर पकडून हलवावेत’ हा लेखातील सूर पटला नाही.

जागा सोयीची असेल तर एक कुटुंब हलवल्यावर बहुधा दुसरे तेथे येते. बांध फोडूनही भागत नाही. वाहत्या पाण्याचा आवाज येताच बीव्हर डागडुजीला लागतात, अनेकदा रातोरात. त्यापेक्षा बांधातून आरपार पाइप टाकावा आणि त्याचे वरच्या बाजूचे तोंड जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावे. पाणी ठरावीक पातळीवर राहते आणि ते नेमके कोठून निघून जाते, हे बीव्हरला सहसा उमगत नाही. उत्तर अमेरिकेत ही पद्धत रुळलेली आहे. झाडांच्या बुंध्याला जाळी गुंडाळली की तीही वाचतात.

या बांधांमुळे पुराचा जोर मंदावतो, गाळ अडतो, बेडकांना आणि चतुरांना पाणथळ जागा मिळते. पण पुरापासून बचाव होतो तो प्रवाहाच्या खालच्या वस्त्यांचा आणि जमीन बुडते ती वरच्या एखाद्या शेतकऱ्याची. म्हणूनच पाइप, जाळी आणि त्यांच्या नियमित साफसफाईचा खर्च सरकारने उचलावा.

– एक वाचक