न्यूट्रलचा लूप म्हणजे अर्थिंग नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात मी ३४ वर्षं विजेच्या मोटारी भरल्या, म्हणजे त्यांची जळालेली तार नव्यानं गुंडाळून दिली. दुकान बंद केलं तरी गल्लीत कुणाची मोटार गुरगुरली की हाक मलाच येते. गेल्या आठवड्यात शेजारचं पोरगं आलं, "काका, ग्राइंडरला हात लावला की झिणझिण्या येत्यात." त्यानं मागच्या पडवीत छोटं वर्कशॉप मांडलंय. एक व्हाइस, एक ड्रिल मशीन आणि भंगारातून आणलेल्या अर्ध्या एचपीच्या मोटारीवर बसवलेला ग्राइंडर. पत्रा गळत होता, फरशी ओली आणि पोरगं अनवाणी.

थ्री-पिन प्लग होता, मोटारीच्या बॉडीला हिरवी वायरही होती. पण सॉकेट उघडलं तर अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या) पिनेला बोटभर काळ्या वायरचा तुकडा, म्हणजे लूप, मारलेला! घराला अर्थिंगच (बॉडीवर आलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) नाही, म्हणून कुणीतरी ते न्यूट्रलवरून 'दिलं' होतं. मल्टिमीटरची एक पिन बॉडीला, दुसरी नळाच्या लोखंडी पाइपला लावली. मोटार सुरू होताच काटा ४० व्होल्टांवर. मेन बोर्डात पाहिलं तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं टोक जळून काळं पडलेलं. ते टोक पूर्ण सुटलं असतं तर मोटार थांबली असती, पोराला वाटलं असतं लाईट गेली. प्रत्यक्षात फेज, म्हणजे जिवंत वायरीचा दाब, वाइंडिंगमधून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यातून थेट बॉडीवर येऊन बसला असता, पुरे २३० व्होल्ट. हात लावून बघायला ते पोरगं नक्की गेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याचे वडील म्हणाले, "अहो, एमसीबी आहे की!" हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव अर्ध्या अँपियरच्याही आत जातो, १६ अँपियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. जीव वाचवायला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय हे ओळखून लाईट तोडणारा स्विच, लागतो. आणि नुसता अर्थिंगचा खड्डा काढूनही भागत नाही. अर्थिंगचा रेझिस्टन्स १० ओहम आला, तर बॉडीला फेज चिकटल्यावर जेमतेम २३ अँपियर जातात. तेवढ्यावर तो एमसीबी लगेच पडेल याची खात्री नाही. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवेत.

दुसरी गोष्ट साध्या बटणाची. माझ्याच दुकानात एकदा लाईट गेली, मशीनचं बटण चालूच राहिलं. हाताखालचा मुलगा पट्टा बसवत असताना लाईट आली आणि त्याच्या अंगठ्याचं पेर गेलं. तेव्हापासून मी नो-व्होल्ट कॉइलच्या स्टार्टरशिवाय एकही मोटार जोडून दिली नाही. लाईट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. त्यातला ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटार तोडणारा भाग) मोटारीच्या पाटीवरच्या अँपियरला लावायचा. सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवून ठेवायचा नाही. जुनी मोटार असेल तर आधी ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) तपासून घ्यावी. वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती जोडूच नये.

रविवारी आम्ही त्या पोराच्या परसात खड्डा काढला, अडीच मीटरचा जीआय पाइप कोळसा-मीठ घालून उभा केला. काळा तुकडा मी स्वतः कापला. बोर्डाचं आणि आरसीसीबीचं काम परवानाधारक वायरमनकडून होईपर्यंत ग्राइंडरचा प्लग माझ्या घरी आहे.

हार्डवेअरच्या दुकानदारांना हात जोडून विनंती, मोटारीसाठी दोन कोरची वायर मागणाऱ्याला तीन कोरचीच द्या. आणि कळंब्याच्या आयटीआयनं इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं शिक्षकांसोबत पावसाळ्यात गल्लीगल्लीतली अशी घरगुती वर्कशॉपं तपासायला पाठवावीत. मेगर माझा, बरोबर फिरायला मीही येतो.

आपला,
एक निवृत्त मोटार वाइंडर, कोल्हापूर