आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: धोका मोजलात, मग औषध कुठे आहे?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या हस्ते आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल प्रकाशित झाला. लोक तब्येतीबाबत बेफिकीर आहेत, त्यांनी जीवनशैली बदलावी, असं आपण त्या समारंभात म्हणालात. आपलं भाषण मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात मोबाइलवर ऐकलं. आत माझी पत्नी होती, उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. आपल्या त्या अहवालात तिचीही नोंद आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आपल्या खात्याची माणसं घरी आली होती. सभ्य होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी संमतीपत्रावर सही घेतली, दंडाला पट्टा बांधला, बोटातून रक्त घेतलं, कंबर मोजली. पत्नीचा रक्तदाब १७०/११० निघाला, म्हणजे धोक्याइतका वाढलेला. तो आकडा चिठ्ठीवर लिहिला, खाली ‘डॉक्टरांना दाखवा’ असा शेरा मारला आणि ती माणसं पुढच्या घरी गेली. कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं? आरोग्य केंद्रात डॉक्टरांचं पद रिक्त होतं. सिस्टर म्हणाल्या, बीपीच्या गोळ्या संपल्यात, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यातही तेच उत्तर मिळालं. पत्नी कार्यालयांची साफसफाई करायची, तिचा खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जायचा. काही दिवस आम्ही गोळ्या विकत आणल्या, मग भाडं थकलं आणि गोळ्या बंद झाल्या. सर्वेक्षणात धोका आढळलेल्या प्रत्येकाला तीन महिन्यांत मोफत औषध सुरू करू, असा शब्द आपण सभागृहात दिला होता. ते तीन महिने कधीच उलटून गेले.

मग ती रात्र आली आणि तिला पक्षाघात झाला. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅन करून बघावं लागतं, हे मला त्या धावपळीत समजलं. पहिल्या रुग्णालयात मशीन बंद होतं. दुसऱ्यात चालू होतं, पण रात्रपाळीला ते चालवणारं कुणी नव्हतं. तिसऱ्यात डॉक्टरांनी त्रास कधी सुरू झाला ते विचारलं. मी वेळ सांगितली आणि मग इंजेक्शनचा विषयच निघाला नाही. आता तिला घास भरवावा लागतो. ती काही सांगू पाहते, मला कळत नाही, आणि ती रडायला लागते. हिला बेफिकीर म्हणायचं का, मंत्रिमहोदय?

त्या दिवसापासून मी मिळेल ते वाचतो आहे. बत्तीस देशांतल्या रुग्णांच्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात पक्षाघाताचा सुमारे नव्वद टक्के धोका दहा कारणांशी जोडलेला आढळला. ती दहाही आटोक्यात आणता येण्यासारखी आहेत आणि त्यांत सगळ्यात मोठं कारण आहे उच्च रक्तदाब. त्यावरच्या गोळ्या जुन्या आहेत, स्वस्त आहेत. तरीही २०२३ मधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगात उच्च रक्तदाबाच्या पाच रुग्णांपैकी जेमतेम एकाचा दाब नियंत्रणात आहे. उरलेले चार बहुतेक कोण असतात, हे शोधायला आपल्याला आणखी एक सर्वेक्षण लागणार आहे का?

जीवनशैलीचंच म्हणत असाल तर व्हाइटहॉल अभ्यास मागवून घ्या. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांवर तो सुरू झाला. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना मोफत उपचार. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतले लोक हृदयविकाराने वरच्या साहेबांच्या किमान तिपटीने मरत होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही त्या फरकाचा मोठा भाग उरलाच. माझी पत्नी ज्या साहेबांच्या खोल्या पुसायची त्यांची तपासणी दरवर्षी होते. तिची एकदाच झाली, तीही आपल्याला आकडा हवा होता म्हणून.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वाधिक लागते तिथेच ती सर्वांत कमी पोचते. ते लिहून थांबले नाहीत. वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसा खाणकामगारांच्या गावात त्यांनी जवळजवळ प्रत्येकाचा रक्तदाब मोजला, ज्याचा वाढलेला निघाला त्याला औषध दिलं, आणि जो परत आला नाही त्याचा पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथले अकाली मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते. एका लहानशा दवाखान्याला जे जमलं ते एवढ्या मोठ्या खात्याला का जमू नये?

आता कडवट बोलतो. अमेरिकेत टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांच्या नोंदी ठेवल्या. त्यावरचं औषध पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिलं नाही. आपलं सर्वेक्षण तसं आहे असं मी म्हणत नाही. तिथे औषध जाणूनबुजून रोखलं होतं, इथे कुणी तसा आदेश काढलेला नाही. पण १७०/११० लिहून घेऊन निघून जायचं, पुढे त्या बाईचं काय झालं ते विचारायचं नाही आणि वर्षभराने रंगीत आलेख छापायचे, याला आपण कोणतं नाव देणार? गरिबाचं शरीर संशोधनाला चालतं, उपचाराच्या यादीत मात्र ते शेवटी येतं. हे एका खात्यापुरतं राहिलेलं नाही. सगळी व्यवस्थाच मोजण्यावर खर्च करते आणि मोजून झालं की काम झालं असं समजते. पुरस्कार अहवालाला मिळतात. रिकाम्या पदाची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

मला भरपाई नको. सर्वेक्षणात ज्यांचा दाब वाढलेला आढळला त्यांच्यापैकी किती जणांना औषध सुरू झालं आणि आज किती जण ते घेत आहेत, एवढे दोन आकडे जाहीर करा. अहवालात ते कुठेही नाहीत, मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधले. चिठ्ठी घेऊन घरी बसलेल्या बाकीच्यांकडे या महिन्यात माणूस पाठवा, आणि त्याच्या पिशवीत यंत्राबरोबर गोळ्याही असू द्या. सीटी स्कॅनला रात्रीचा तंत्रज्ञ नेमा. आणि बेफिकीर हा शब्द जिथे उच्चारलात तिथेच, त्याच लोकांसमोर, मागे घ्या.

लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
सर्वेक्षणात नोंद झालेल्या एका रुग्णाचा पती