आई-बाबा, मे महिन्यापर्यंत इथेच आहे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

रागावू नका. मेअखेरपर्यंत इथे गॅलापागोसमधल्या सांताक्रूझ बेटावरच राहायचं मी कबूल करून टाकलंय. फोनवर आईचा आवाज ऐकला की हे बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

इथला फड्या निवडुंग आपल्या कुंपणावरच्यासारखा बुटका नाही. त्याचं लालसर खोडाचं चांगलं झाडच होतं. त्यावर जेमतेम वीस ग्रॅमचा निवडुंग-फिंच नावाचा पक्षी जगतो. चोच लांब, अणकुचीदार. फुलात घालून मध-पराग खातो, बोंड फोडून बियांभोवतीचा गर. कोरड्या दिवसांत त्याचा सगळा भार या झाडावरच.

त्याच्या जिवावर उठलीय ती फिलॉर्निस माशी. बाहेरून आलेली, फिंचच्या घरट्यांत ती 1997 मध्ये पहिल्यांदा सापडली. अळ्या आधी पिल्लांच्या नाकपुड्यांत शिरतात, मोठ्या झाल्या की घरट्याच्या तळाशी दडतात आणि रात्री वर येऊन रक्त पितात. उपाय कापसाचा. परमेथ्रिन या कीटकनाशकाच्या 1 टक्का द्रावणात भिजवून वाळवलेला कापूस जाळीत भरून झाडांवर टांगायचा. पक्षी आपणहून नेऊन घरट्यात विणतात. घरट्यात 1 ग्रॅम गेला तरी अळ्या जवळजवळ उरत नाहीत. पण टांगायचा घरटी बांधायच्या आधी. अस्तर लागून अंडी पडली की कापूस कोण नेणार? आणि हा पक्षी कधी कधी पावसाआधीच, फुलं आली की बांधायला घेतो. अंडी बारा दिवस, पिल्लं अजून दोन आठवडे, आणि पाऊस टिकला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मे.

आई, औषधाची काळजी नको. उवांवर लावतात तेच आहे, आणि हातमोजे असतातच. जेवणात रोज भात आणि मसुरासारखी घट्ट उसळ. तुझ्या हातची नाही, एवढंच. बोंडं बघितली की तू चिमट्याने माझ्या बोटातली कुसं काढायचीस ते आठवतं.

बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. गच्चीच्या टाकीवर चढायचं नाही, माणूस बोलवा. पार्सलमध्ये बिया, कडधान्य, ताजी फळं घालू नका, इथे विमानतळावरच काढून घेतात आणि ते बरोबरच आहे. तुमच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे माझ्याकडे आदल्या रात्रीचे आठ. तुमच्या रविवारी सकाळी तेव्हाच फोन करते. दोघंही जवळ बसा.

तुमची,
छकुली