भीमेचा गाळ समुद्रात कुठे जातो

सोलापूर,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय अंबादास,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या भूगोलाच्या मास्तराला समुद्राच्या तळाचं काय पडलंय, असं तू विचारलंस. पडलंय रे, आणि तू आता विशाखापट्टणमला त्याच समुद्राच्या काठी राहतोस, म्हणून सविस्तर लिहितो.

पुरात सीनेचं पाणी कसं काळपट होतं, ते तू पाहिलेलं आहेस. ती आपल्या रानांची माती. सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र आपल्याला जवळ, पण आपली माती जाते ती तुझ्या बाजूला.

मुखाशी नदीचा वेग मोडतो आणि वाळू आधी खाली बसते. काळ्या मातीचे बारीक कण मात्र गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. खारं पाणी लागलं की ते एकत्र येतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन बुडतात. त्यामुळे बराचसा गाळ त्रिभुज प्रदेशात आणि लगतच्या समुद्रबूड जमिनीवरच साठतो. मुंबईसमोर ही उथळ जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तुमच्याकडे ती फारच अरुंद, म्हणजे जिथून तळ एकदम खोल जाऊ लागतो ती खंडान्त उताराची कड किनाऱ्यापासून जवळ. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा नद्या त्या कडेच्या आसपास पोचून गाळ थेट खोल पाण्यात ओतत.

उतारावर साठलेला गाळ कायम तिथेच राहील असंही नाही. १८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडजवळ समुद्रात भूकंप झाला. त्यानंतर अटलांटिकच्या तळावरच्या तारायंत्राच्या केबल एकामागून एक तुटत गेल्या, उताराच्या वरच्या आधी, खालच्या तासांनंतर. उतारावरून सुटलेला गढूळ पाण्याचा लोंढा त्या तोडत गेला होता, हे एविंग आणि हीझन या भूशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये दाखवलं. केबल तुटल्याच्या वेळा नोंदलेल्या होत्या, त्यावरूनच त्यांनी लोंढ्याचा वेग काढला. असा लोंढा थांबतो तिथे जाड वाळू तळाशी आणि बारीक चिखल वर, असा थर बसतो. समुद्रतळात नळी घुसवून काढलेल्या गाळाच्या कांबीत असे थर ओळखता येतात.

पण मला खरं अस्वस्थ केलं ते गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळाने. २००६ मध्ये एका संशोधन जहाजाने तिथला तळ खोदून गाळाचे नमुने काढले. गोदावरीचा वरचा भाग आपल्यासारख्याच काळ्या पाषाणाचा, खालचा त्याहून फार जुन्या खडकांचा. त्यामुळे गाळाच्या रासायनिक घडणीवरून कुठली माती किती आली, हे कळतं. त्यातून दिसलं ते असं: सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मान्सून दुबळा होऊ लागला, आणि दख्खनची माती वाहून जाणं कमी होण्याऐवजी वाढलं. झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली. पुढे शेतीने त्यात भर घातली.

पाऊस घटला तरी धूप वाढते, हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळाभर तापून भेगाळलेल्या रानावर मृगाची एकच जोराची सर आली, तरी बांध नसला तर वरचा थर ओढ्याला लागतो. आपल्या डोळ्यांदेखत होणाऱ्या या गोष्टीची हजारो वर्षांची नोंद समुद्राच्या तळाशी आहे, हे वाचल्यावर मी मुलांना धूप शिकवताना बांधबंदिस्तीवरच जास्त वेळ देतो.

आता आपली बरीच माती समुद्रापर्यंत पोचतही नाही. उजनी धरण १९८० पासून भीमेचा गाळ अडवतं, आणि त्यातून सुटला तर पुढे कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर ही धरणं आहेतच. धरणं भरतात गाळाने आणि तिकडे त्रिभुज प्रदेशाची किनार समुद्र खातो. धरण नको असं मी म्हणणार नाही, उजनी नसतं तर या शहराने पाणी कुठून आणलं असतं? पण तलावातला गाळ उन्हाळ्यात उपसून शेतात टाकण्याचं काम आपल्याकडे दरवर्षी व्हायला हवं, आणि मुळात माती बांधाच्या आत राहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या बंदरात गाळ काढणारी जहाजं असतात. तिथल्या कुणाशी ओळख असेल तर विचार, तळाचा चिखल कसा दिसतो, रंग काय. नमुना मिळाला तर बाटलीत भरून ठेव. गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा घेऊन ये, वर्गात दाखवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर लवकर पाठव.

तुझा,
वसंत